मेंदूज्वरातून उठलेले मूल आणि आपली शाळा

(जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेले व्याख्यान)



आज आपणापुढे बोलण्यासाठी मी जो विषय निवडला आहे तो प्रथमदर्शनी डॉक्टरांचा वाटेल. प्राथमिक शिक्षकाने मेंदूच्या रोगाविषयी बोलावे हा अधिकाराचा अतिक्रम आहे, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती अस्थानी नाही. रोगाचा उपचार डॉक्टरांनीच करावयाचा, हे खरे आहे. परंतु रोग जाताना मुलाच्या ठायी जे मागे ठेवून जातो, त्याच्याशी वर्षानुवर्षे गाठ पडते ती आपली. मेंदूज्वर झालेले मूल रुग्णालयात काही आठवडे असते. आपल्या वर्गात ते वर्षाचे दोनशे दिवस बसते. म्हणून त्याच्यात झालेला पालट डॉक्टरांच्या आधी पुष्कळदा आपल्याच नजरेस येतो. तो पालट रोगाचा शेष म्हणून आपण ओळखतो की मुलाचा दोष म्हणून त्याला शासन करतो, यावर त्या मुलाचे पुढील आयुष्य अवलंबून असते. एवढी एकच गोष्ट सांगण्यासाठी मी येथे उभा आहे.

प्रथम रोगाविषयी थोडक्यात. मेंदूच्या पेशीजालाला सूज येते व दाह होतो, त्या विकाराला आपण मेंदूज्वर म्हणतो. ताप, डोकेदुखी, वांती, झटके, भ्रम आणि बेशुद्धी ही त्याची ठळक लक्षणे. त्याची कारणे अनेक आहेत. आपल्या धानपट्टीत सर्वांच्या तोंडी असलेले नाव जपानी मेंदूज्वराचे. या रोगाचे अस्तित्व आपल्या देशात १९५५ साली तत्कालीन मद्रास राज्यातील वेल्लोर परिसरात प्रथम लक्षात आले. त्याचा विषाणू डुकरे आणि पाणथळ जागी वावरणारे बगळ्यांसारखे पक्षी यांच्या शरीरात वाढतो, आणि धानाच्या बांध्यांत साचलेल्या पाण्यावर पैदास होणारे क्युलेक्स जातीचे डास तो माणसापर्यंत आणतात. माणसापासून माणसाला तो होत नाही. रोवणी आटोपल्यावर, पाऊस स्थिरावल्यावर आणि पुढे शरदापर्यंत त्याचा काळ असतो.

दुसरे नाव चंडीपुरा. १९६५ साली नागपूरजवळील चंडीपुरा या गावच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू प्रथम सापडला आणि त्या गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. तो वाळूमाशीच्या दंशाने पसरतो. २००३ साली आंध्र प्रदेशात या रोगाने ३२९ मुले आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही त्याचा उपद्रव झाला. याखेरीज नागीण, गोवर इत्यादी विषाणूंमुळेही मेंदूचा दाह होतो. काही मुलांमध्ये शरीराची संरक्षक शक्तीच वाट चुकून स्वतःच्या मेंदूवर उलटते. मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि मेंदूवर गेलेला हिवताप हे निराळे आजार खरे, तथापि त्यांतून वाचलेल्या मुलांची शाळेतील अवस्था बरीचशी सारखी असते. म्हणून आज मी जे सांगणार आहे ते या सर्व मुलांना लागू समजावे.

जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. सुमारे २५० जणांत एखाद्यालाच तीव्र आजार जडतो. परंतु ज्यांना तो जडतो, त्यांपैकी शेकडा ३० पर्यंत दगावू शकतात, आणि जे वाचतात त्यांपैकी शेकडा २० ते ३० जणांना, काही पाहण्यांनुसार त्याहूनही अधिकांना, कायमचे व्यंग राहते. २००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात गोरखपूर भागात मोठी साथ आली. पाच हजारांहून अधिक रुग्ण आणि तेराशेहून अधिक मृत्यू, असा तिचा हिशेब आहे. वर्तमानपत्रांत मृत्यूचे आकडे छापून येतात. वाचलेली मुले मात्र घरी जातात, आणि त्यांपैकी कितीजण पुन्हा पाटी घेऊन बसली याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. तो हिशेब आपल्या हजेरीपटात असतो.

आता मी माझ्याच हजेरीपटातील एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो. परंतु ती लपवून उपदेश करणे हे अधिक लज्जास्पद होईल.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी एका लहान गावी तिसरीचा वर्ग शिकवीत होतो. वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा होता. अक्षर वळणदार, पाढे तोंडपाठ, आणि प्रार्थनेला नेहमी पुढे. भाद्रपदात त्याला मेंदूचा ताप आला. दोन आठवडे तो रुग्णालयात होता. दिवाळीनंतर तो शाळेत आला, तेव्हा अंगाने थोडा वाळलेला होता, एवढाच फरक मला दिसला. मूल वाचले याचा सर्वांना आनंद झाला. मी त्याला पूर्वीच्याच जागी बसविले आणि पूर्वीच्याच अपेक्षेने वागवू लागलो.

थोड्याच दिवसांत माझी कुरकुर सुरू झाली. त्याचे अक्षर बिघडले होते. फळ्यावरील चार ओळी उतरविण्यास त्याला अर्धा तास लागे. काल म्हटलेला पाढा आज आठवत नसे. मधेच कारण नसताना तो हसे, आणि कोणी टोकले तर चिडून पाटी फेकी. एकदा मी प्रश्न विचारला असता तो माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. हातातील लेखणी गळून पडली तरी बोलेना. मी ते उद्धटपण समजलो आणि त्याच्या तळहातावर छडी मारली. त्याने हात मागे घेतला नाही, ही गोष्टही त्या वेळी मला हेकटपणाचीच खूण वाटली. प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला : ‘आळशी व हट्टी.’

त्याची आई एके दिवशी शाळेत आली. दारातच उभी राहून म्हणाली, “गुरुजी, माझा पोरगा आळशी नाही जी. तापापासून त्याचा हातच त्याचं ऐकत नाही.” मी तिला उत्तर दिले, “बाई, लाड कमी करा, म्हणजे हात ऐकेल.” त्यानंतर तो मुलगा महिनाभर आला, मग आठवड्यातून दोन दिवस, आणि मग आलाच नाही. पुढच्या वर्षी त्याचे नाव हजेरीपटावरून कमी झाले. त्या नोंदीखाली सही माझी आहे.

काही वर्षांनी तालुक्याच्या गावी आरोग्य शिबिरात एका बालरोगतज्ज्ञांचे भाषण ऐकण्याचा योग आला. मेंदूज्वरानंतर मुलात काय काय राहते, हे ते एकेक करून सांगत होते, आणि ते एकेक लक्षण ऐकताना माझ्यापुढे तोच मुलगा उभा राहत होता. टक लावून पाहणे हा झटक्याचा एक प्रकार होता. हसणे आणि चिडणे या त्याच्या खोड्या नव्हत्या. त्याची आई अक्षरशः खरे बोलली होती. मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो शेळ्या राखीत होता. त्याने मला ओळखले आणि हात जोडले. शाळेत परत येण्याचे त्याचे वय आणि मन दोन्ही निघून गेली होती.

बंधुभगिनींनो, माझ्यासारखी चूक जगात प्रथमच झाली असे नाही. १९१७ साली व्हिएन्ना येथील फोन इकोनोमो या वैद्याने एका विलक्षण मेंदूज्वराचे वर्णन केले. रोगी दिवसेंदिवस झोपेच्या ग्लानीत पडून राहत. पुढील दहा वर्षांत ही साथ जगभर फिरली. त्यातून उठलेली अनेक मुले, जी पूर्वी शांत व आज्ञाधारक होती, ती रात्र रात्र जागू लागली, बेबंद वागू लागली, मारामारी व चोरी करू लागली. त्यांची बुद्धी पुष्कळदा शाबूत असे. मनाचा लगाम तेवढा सुटलेला असे. शाळांनी त्यांना काढून टाकले, काहींना न्यायालयापुढे उभे केले. मग हळूहळू वैद्यांच्या लक्षात आले की ही दुर्वर्तनाची बाब नसून मेंदूला झालेल्या इजेची आहे. लंडन आणि फिलाडेल्फिया येथे अशा मुलांसाठी खास व्यवस्था उभारण्यात आल्या. मुलाचे वर्तन आजाराने बदलू शकते, हा धडा जगाने शंभर वर्षांपूर्वी गिरविला. तो आपल्या शाळेपर्यंत पोहोचविणे आता आपल्या हाती आहे.

या रोगातून उठलेल्या मुलात काय राहू शकते, ते क्रमाने पाहू. प्रत्येक मुलात सर्वच गोष्टी आढळतील असे नव्हे.

पहिली गोष्ट शरीराची. जपानी मेंदूज्वर मेंदूच्या खोल भागातील, हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांवर विशेष आघात करतो. त्यामुळे हातपाय ताठणे, वाकडे वळणे, कापणे, चाल मंदावणे, चेहरा भावशून्य दिसणे, लाळ गळणे, बोलणे अडखळणे असे प्रकार राहतात. काहींचे एखादे अंग लुळे पडते. काहींच्या ऐकण्यात वा पाहण्यात उणेपण येते.

दुसरी गोष्ट झटक्यांची. हातपाय आपटणारे झटके सर्वांना ओळखता येतात. परंतु काही क्षण शून्यात पाहणे, हाक न ऐकणे, ओठ चावल्यासारखे करणे किंवा हाताने उगाच चाळा करणे हाही झटका असू शकतो. तो मेंदूज्वरानंतर लगेच येतो असे नाही. महिन्यांनी, वर्षांनीही सुरू होतो.

तिसरी गोष्ट स्मरण, अवधान व विचाराच्या गतीची. ही सर्वांत फसवी. असे मूल चालते, बोलते, धडधाकट दिसते. परंतु एका वेळी तीन सूचना दिल्या तर पहिली तेवढी त्याच्या ध्यानात राहते. त्याला उत्तर येत असते, पण ते ओठांवर येईतो आपण पुढच्या मुलाकडे वळलेले असतो. शिवाय ते लवकर थकते. सकाळी ज्या मुलाने गणित सोडविले तेच दुपारी साध्या बेरजेत चुकते, आणि आपण म्हणतो, ‘सकाळी येत होते, आता कसे येत नाही?’ हा थकवा पायांचा नसून मेंदूचा असतो.

चौथी गोष्ट स्वभावाची. अकारण राग, रडे, हसू, भीती, चंचलता, किंवा याउलट पूर्ण उदासीनता. आईबाप म्हणतात, ‘आमचे मूल परत आले, पण ते तेच नाही.’ त्या कुटुंबाच्या दुःखाचे मर्म या एका वाक्यात आहे. कोणी त्याला बाहेरची बाधा समजतात, कोणी नशीब म्हणतात. त्यांचा उपहास न करता, हा आजाराचा परिणाम आहे आणि यात तुमचा वा मुलाचा अपराध नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगणे हे आपले काम आहे.

आणखी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. लहान वयातील मेंदू लवकर भरून निघतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात सुधारणा वेगाने होते, व पुढेही ती मंद गतीने चालू राहते. परंतु काही उणिवा मागाहून उघड होतात. दुसरीत कामचलाऊ वाटणारे मूल चौथी-पाचवीत, म्हणजे मोठी उदाहरणे व निबंध आल्यावर, अडखळू लागते. तेव्हा ‘ताप तर तीन वर्षांपूर्वी आला होता’ असे म्हणून तो विषय सोडून देऊ नये.

आता आपण काय करावे? मला अनुभवाने जे सुचले ते सांगतो. पहिल्या मुलाच्या बाबतीत मी चुकलो. पुढे मुख्याध्यापक असताना एक मुलगी अशाच आजारातून उठून शाळेत आली, तेव्हा आम्ही यांतील बहुतेक गोष्टी केल्या.

ती येण्यापूर्वी वर्गशिक्षिका तिच्या घरी गेल्या. औषधे कोणती, झटके येतात काय, डॉक्टरांनी काय सांगितले आहे, हे त्यांनी लिहून घेतले. पहिले दोन आठवडे ती फक्त दोन तास येई. मग हळूहळू वेळ वाढविला. तिला पुढच्या बाकावर, फळ्यासमोर बसविले. सूचना एका वेळी एकच द्यावयाची, ती तिच्याकडून वदवून घ्यावयाची, आणि प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावयाचे, असा नियम आम्ही केला. लिहिण्याऐवजी तोंडी उत्तर चालेल असे ठरविले. दहा उदाहरणांऐवजी चारच दिली. दिवसाचा क्रम एका कागदावर चित्रांनी काढून तिच्या पाटीजवळ ठेवला. थकली की कोपऱ्यातील सतरंजीवर पंधरा मिनिटे पडण्याची तिला मुभा होती. वर्गातील दोन मुली आळीपाळीने तिच्या सोबत असत. वर्गाला आम्ही सांगितले की हिचा पाय मोडला असता तर तुम्ही हिला धावायला लावले असते काय? तिच्या मेंदूला इजा झाली आहे. ती भरण्यास वेळ लागतो. मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर कळले.

याचा परिणाम म्हणून ती पूर्वीसारखी झाली, असे मी सांगणार नाही. तिचे बोलणे संथच राहिले आणि उजवा हात पुरता वळला नाही. ती डाव्या हाताने लिहावयास शिकली. एक वर्ष ती मागे राहिली. पण सातवीपर्यंत ती आमच्याच शाळेत होती, आणि शेवटच्या दिवशी स्नेहसंमेलनात तिने सर्वांचे आभार मानले. तेव्हा सभागृहात कोणी घाई केली नाही; तिचे वाक्य पुरे होईपर्यंत सारे थांबले. त्या मुलीची तुलना आम्ही तिच्या आजारापूर्वीच्या गुणांशी कधी केली नाही. तिच्याच गेल्या महिन्याशी केली. हे धोरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

वर्गात झटका आला तर काय करावे, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असलेच पाहिजे. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर साराव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा वा चप्पल हुंगविण्याने काही साधत नाही. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा एकामागून दुसरा आला, तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. झटक्यांची औषधे डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज बंद करू नयेत, हे पालकांना बजावावे. झटके थांबले म्हणजे औषधांची गरज संपली असे नव्हे.

यानंतर नोंदींचे काम. अशा मुलासाठी एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, काय दिसले, किती वेळ टिकले, एवढेच लिहावे. ‘आळशी’, ‘हट्टी’ असले निर्णय लिहू नयेत. ‘गणिताच्या तासाला दोनदा टक लावून पाहिले, हाकेला उत्तर नाही, सुमारे वीस सेकंद’ असे एक वाक्य डॉक्टरांना दहा शेऱ्यांपेक्षा उपयोगी पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हा ही वही त्यांच्यापुढे ठेवावी. तेथून मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. व्यायामोपचार, वाचोपचार, श्रवण व दृष्टी यांची तपासणी, यांची वाट त्या दारातून जाते. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आपल्या गटात असतील, त्यांनाही वेळीच कळवावे.

कायदा आपल्या बाजूस आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि त्याला शारीरिक शिक्षा वा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले असून, शेकडा ४० किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षे या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. मेंदूज्वराने आलेले व्यंग डोळ्यांना दिसत नाही म्हणून अनेक पालक प्रमाणपत्रासाठी अर्जच करीत नाहीत. त्यांना अर्ज भरण्यास मदत करणे हे शिक्षकाच्या कर्तव्याच्या बाहेरचे आहे, असे मी मानीत नाही.

शेवटी प्रतिबंधाविषयी दोन शब्द. जपानी मेंदूज्वरावर लस आहे. गोरखपूरच्या साथीनंतर २००६ पासून तिची मोहीम सुरू झाली, आणि रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांत ती ९ ते १२ महिने आणि १६ ते २४ महिने या वयात दोनदा दिली जाते. गोवराची लसही याच संदर्भात महत्त्वाची, कारण गोवर होऊन गेल्यावर वर्षांनी मेंदू झिजविणारा एक असाध्य विकार क्वचित् उद्भवतो. शाळेत येणाऱ्या मुलाच्या पाठीवर धाकटे भावंड असते. त्याच्या लसीची चौकशी करण्यास आपल्याला एक मिनिट लागते. मच्छरदाणी, वस्तीपासून दूर डुकरांचे गोठे, आणि ताप व झटके यांत क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय, या गोष्टी पालकसभेत सांगाव्यात.

बंधुभगिनींनो, रोवणीचे दिवस दरवर्षी येतात आणि त्यांच्यामागून तापाचे दिवसही येतात. दिवाळीनंतर आपल्यापैकी कोणाच्या तरी वर्गात असे एखादे मूल दारात उभे राहील. ते वाळलेले असेल, गोंधळलेले असेल, कदाचित नुसतेच गप्प असेल. त्याच्यामागे त्याची आई असेल आणि ती काही सांगू पाहील. तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्या. मी ऐकले नाही, आणि त्याची किंमत मला नव्हे, त्या मुलाला द्यावी लागली. आपल्या हजेरीपटावर तशी सही करण्याची वेळ आपल्यापैकी कोणावरही न येवो, एवढीच माझी इच्छा आहे.